सिस्टरच्या वॉर्डातला बेड नंबर एक

एप्रिलमधला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. ठरलेली रक्कम एक हजार पन्नास रुपये, पैकी इसार चारशे पन्नास, रोख. हजर माणसं चार: आमच्या घरमालकीण, हैदराबादचे एक डोळ्यांचे डॉक्टर, मी आणि माझी बायको. विकलेली वस्तू एक. कुंडीतलं झाड, पानं नऊ.

माझा त्या वेळचा हातात पडणारा पगार हजाराच्या आतला होता. त्यामुळे झाडाची किंमत ऐकून बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मी झाडाकडे पाहिलं. मी कोषागारात कारकून होतो. लातूर जिल्ह्याचं ते चौथं वर्ष आणि दुष्काळाचं दुसरं. जिल्हा नवा झाल्यामुळे माझी नांदेडहून बदली झाली होती. कार्यालयं भाड्याच्या घरांत भरत, टेबल आलं की खुर्चीची वाट बघायची. माझ्यासारखे शेकड्यानं बदलून आलेले, त्यामुळे भाड्यानं घर मिळणं महाकठीण. औशाच्या रस्त्याला दोन खोल्या मिळाल्या, त्या एका निवृत्त नर्सबाईंच्या घरात. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. आम्हीही सिस्टरच म्हणू लागलो. माझी बायको मात्र सिस्टरमावशी म्हणे.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला नाव, गाव, जात, पगार काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "आंघोळीला साबण लावता?"

मी म्हटलं, "लावतो."

"रोज?"

"रोज."

"मग जमणार न्हाई. डाळीच्या पिठानं करणार असाल तर आज राहायला या."

नळाला आठव्या दिवशी पाणी येई. आंघोळीचं पाणी न्हाणीघरातून पन्हाळीनं मागच्या हौदात जाई आणि हौदातून झाडांना. साबणाचं पाणी झाडांना चालत नाही. पुढची तीन वर्षं आम्ही डाळीच्या पिठानं आंघोळ केली. साबण फक्त महिन्यातून दोन रविवारी, अंगणात दगडावर बसून. माझ्या मेव्हण्यानं एकदा पाहुणा म्हणून येऊन गुपचूप वासाचा साबण लावला. सिस्टर पाच मिनिटांत हौदापाशी वाकून वास घेताना दिसल्या. "कोण आलंय तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं. मेव्हण्यानं स्वतः तो हौद उपसला, तेव्हाच त्याला चहा मिळाला.

सिस्टरच्या घराची उत्तरेकडची लांब खोली म्हणजे वॉर्ड. हे त्यांचंच नाव. पत्र्याखाली बांबूचं छत, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, भिंतींना ओलं गोणपाट. आत एकसष्ट कुंड्या. लातुरात कुणी न पाहिलेली झाडं: मखमलीसारख्या पानांवर चांदीच्या शिरा असलेली, पानाचा तळ जांभळा आणि माथा पोपटी असलेली, दिवसा हात पसरणारी आणि संध्याकाळी पानं मिटून उभी राहणारी. ही सगळी दमट जंगलातली झाडं, आणि ती त्यांनी आणून ठेवली होती औशाच्या रस्त्याला, जिथे मे महिन्यात धुतलेलं धोतर झटकून होईपर्यंत वाळतं.

प्रत्येक कुंडीला बेड नंबर आणि प्रत्येक बेडला केसपेपर. तारीख, पाणी किती, नवीन पान कधी, तक्रार काय. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा असा दोनदा राउंड. नऊ नाजूक झाडांना सलाईन लावलेलं असे. खोटं सांगत नाही. दवाखान्यातून टाकून दिलेल्या काचेच्या बाटल्या आणि नळ्या त्यांनी उकळून ठेवल्या होत्या. बाटली खुंटीला उलटी टांगलेली, नळीचं टोक मातीत, मिनिटाला सहा थेंब. पदराला उलटं टाचलेलं घड्याळ हातात धरून त्या थेंब मोजत. मी एकदा हिशेब करून सांगितलं, की मिलिलिटरला वीस थेंब धरले तर एका झाडाला दिवसाला चारशे बत्तीस मिलिलिटर पाणी लागतं. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकानं पाहिलं. त्या दिवसापासून त्या मला "ट्रेझरी" म्हणू लागल्या. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

झाड विकणं हा शब्द त्या घरात नव्हता. झाडाला डिस्चार्ज मिळे. नवीन झाड आलं की ॲडमिट होई. मेलं तर त्या केसपेपरवर तांबड्या शाईनं एक रेघ मारत आणि त्या दिवशी दुपारी जेवत नसत.

ही आवड त्यांना नांदेडच्या दवाखान्यात लागली. कुणा बदली झालेल्या अधिकाऱ्याची बायको बाळंतपणाला आली होती, जाताना एक मरायला टेकलेली कुंडी खिडकीत विसरून गेली. एकच पान होतं. "पेशंट टाकून नातेवाईक पळून गेले," सिस्टर सांगत, "मग काय करता? आपणच बघायचं." त्यांनी बघितलं. पुढे कलिंपोंग, केरळ, बंगळूर असा पत्रव्यवहार वाढत गेला. देशभरात अशा झाडांचे पन्नास-साठ वेडे लोक होते आणि ते एकमेकांना पोस्टकार्डं लिहीत. पावडरच्या रिकाम्या डब्यात ओलं शेवाळ घालून त्यात फांदीचे तुकडे पाठवत. असा डबा पोस्टात आला की सिस्टर स्वतः आणायला जात. पोस्टमनवर विश्वास नव्हता. येताना छत्री पार्सलवर धरलेली आणि स्वतः उन्हात, अशा त्या भर बारा वाजता गांधी चौकातून चालत येताना मी पाहिल्या आहेत.

पुढच्या खोलीत बुद्धाची एक छोटी मूर्ती होती. तिच्यापुढे फुलं नसत, एक कुंडी असे, दर सोमवारी बदलणारी. "ह्या आठवड्यात बेड सतराची ड्यूटी," असं त्या सांगत. मी एकदा विचारलं, फुलं का नाही? म्हणाल्या, "तोडलेलं फूल काय बघणार त्यांनी? आयुष्यभर आजार आन मरणच बघितलं. जरा बरं होत असलेलं काही तरी दाखवावं."

भेटीची वेळ चार ते सहा. आत येण्यापूर्वी हात धुवायचे, पण दोन वाटीपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. घेणाऱ्याची तर तपासणीच होई. खिडकी कोणत्या दिशेला? पंखा किती वेळ चालतो? घरात लेकरं किती, आणि ओढाळ आहेत का? उदगीरच्या एका अडत व्यापाऱ्याला त्यांनी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो आपल्या घराचा नकाशा घेऊन आला, दिशा दाखवणाऱ्या बाणासकट. तेव्हा त्याला एक नेचा मिळाला, तोही या अटीवर की पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड टाकायचं. कार्ड आलं नाही, तेव्हा सिस्टर सोळाव्या दिवशी एसटीनं उदगीरला जाऊन नेचा बघून आल्या. झाड उत्तम होतं, व्यापाऱ्याला ताप आला होता. त्याला दोन गोळ्या देऊन आल्या.

एकदा एका मोठ्या साहेबांचा शिपाई आला. जिल्ह्याच्या नवेपणामुळे रोज कुठे ना कुठे उद्घाटन असायचंच.

"सिस्टर, साहेबांनी दोन झाडं मागिटलीत. उद्या रातच्याला परत आणून देतो."

"कशाला पायजेत?"

"पाव्हणे यायलेत. स्टेजवर मांडायची."

"स्टेजवर पंखा हाय?"

"हाय की. मोठा हाय, उभा."

"मग न्हाई. साहेबाला म्हणावं, तुमची आई दवाखान्यात असती तर शोभा म्हणून स्टेजवर मांडली असती का?"

शिपाई बिचारा घामाघूम झाला. "एवढं मी कसं म्हणू वो?"

"मग लिहून देऊ का?"

तो जवळजवळ पळालाच. गंमत म्हणजे आठवड्यानं साहेब स्वतः आले. चार वाजता, हात धुऊन. तासभर वॉर्डात फिरले, प्रत्येक केसपेपर वाचला आणि जाताना म्हणाले, आमच्या सरकारी दवाखान्यात असे कागद ठेवले जात नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "हितं पेशंट बोलत न्हाईत ना साहेब, म्हणून ठिवावे लागतात."

तर हे सगळं सांगायचं कारण, बेड नंबर एक.

तो एक वेल होता, मॉन्स्टेरा नावाचा. सुपाएवढं पान आणि पानाला भोकं. साधा हिरवा मॉन्स्टेरा पुण्या-मुंबईकडे पुष्कळ असेल, पण याच्या पानांवर पांढऱ्या रंगाचे फराटे होते. कुठे चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे, तर कुठे अर्धं पान हिरवं आणि अर्धं कागदासारखं शुभ्र. असा वेल कधी तरी, आपोआप, नशिबानं होतो. सिस्टरनी तो एका पेरापासून नऊ वर्षं वाढवला होता. नऊ वर्षांत नऊ पानं टिकली होती. हैदराबादचे डॉक्टर चार वर्षं तो मागत होते आणि सिस्टर नाही म्हणत होत्या.

त्या वर्षी मात्र पाणीच संपलं. हौद भरेना, विहिरी तळाला गेल्या. औशाकडच्या एका मळ्यातून मामू नावाचा म्हातारा टायरच्या गाडीवर बॅरल घालून पाणी विकायला आणी, दोनशे लिटरला पाच रुपये. मी हिशेब मांडला. वॉर्डाला आठवड्याला सहा बॅरल, पाऊस धरून नळ सुरळीत होईपर्यंत चौदा आठवडे. चारशे वीस रुपये. गोणपाट आणि वाळा तीस. एकूण चारशे पन्नास. सिस्टरचं पेन्शन धाकट्या भाचीच्या शिक्षणात अडकलेलं होतं. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला, घडी केली आणि हैदराबादला पत्र टाकलं. एक पेशंट देऊन साठ वाचवायचे.

झाडांची किंमत त्या पानावर लावत. हिरवं पान पंचवीस, शिंतोड्याचं शंभर, अर्धं पांढरं दोनशे. बेड एकची तीन पानं अर्धी पांढरी, चार शिंतोड्यांची, दोन हिरवी. एक हजार पन्नास. डॉक्टरांनी घासाघीस केली नाही. उन्हाळ्यात पेशंट हलवायचा नाही म्हणून झाड जुलैच्या मध्याला न्यायचं ठरलं. इसाराचे चारशे पन्नास सिस्टरनी मोजले आणि त्यातले तीस तिथल्या तिथे मामूसाठी बाजूला काढले. डॉक्टर गाडीत बसले तेव्हा त्या झाडाकडे पाठ करून उभ्या होत्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नांदेडच्या भाचीचे दिवस भरले. सिस्टर आठ दिवसांसाठी निघाल्या आणि मला इनचार्ज नेमलं. भिंतीवर अकरा नियम लिहून लावले. जाताना म्हणाल्या, "ट्रेझरी, डोकं चालवायचं न्हाई. जे लिहिलंय तेवढंच करायचं."

हे वाक्य माझ्या स्वभावाला इतकं मानवलं की मी निर्धास्त झालो.

चौथ्या दिवशी बेड एकच्या वरच्या पानावर पांढऱ्या भागात एक तपकिरी डाग दिसला. मी केसपेपरवर नोंद केली. पाचव्या दिवशी डाग वाढला आणि दुसऱ्या पानावरही आला. मी भिंतीपाशी गेलो. नियम चौथा: तपकिरी डाग दिसून दुसऱ्या दिवशी वाढला तर वाट बघू नये, संसर्ग पसरतो, ब्लेड उकळून, निरोगी पेराच्या खाली कापावे.

बायको म्हणाली, "अहो, सिस्टरमावशी येऊ द्या की. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"वाट बघू नये असं लिहिलंय."

"पण ते हजाराचं झाड आहे!"

"हजाराचं आहे म्हणूनच. संसर्ग पसरला तर?"

मी ब्लेड वीस मिनिटं उकळलं. वरचं पान पेरासकट कापलं. खालच्या पानावर पाहिलं तर बारीक डाग होता. तेही कापलं. मग तिसरं. असं करत सात पानं कापली, सगळी पांढऱ्या रंगाची. खाली दोन हिरवी पानं राहिली, त्यांच्यावर डाग नव्हता, त्यांना मी हात लावला नाही. नियम सातवा: कापलेले काही फेकू नये, ओल्या फडक्यात गुंडाळून मला दाखवावे. मी सातही तुकडे मोजून, ओल्या फडक्यात एकेक वेगळा गुंडाळून, न्हाणीघरात पालथ्या घमेल्याखाली ठेवले आणि फडकी दिवसातून दोनदा ओली करत राहिलो. केसपेपरवर लिहिलं, "नियम ४ प्रमाणे कार्यवाही पूर्ण." खाली सही, तारीख, वेळ.

सिस्टर नवव्या दिवशी आल्या. भाचीला मुलगी झाली होती, म्हणून पेढे घेऊन हसतच आल्या. चपला काढल्या, हात धुतले, वॉर्डात गेल्या.  मी दारात जाऊन उभा राहिलो. त्या बेड एकपाशी स्टुलावर बसल्या होत्या आणि उरलेल्या खुंटाला त्यांनी दोन बोटं लावली होती, आपण मनगटाला लावतो तशी.

"कोणी केलं?"

"मी. नियम चार."

"पांढऱ्या पानाला ऊन लागलं की ते करपतंच, ट्रेझरी. दर उन्हाळ्यात करपतं. तो काय रोग हाय का?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच मला जड गेलं. "माणसाला घाम आला तर मान कापता का तुम्ही?"

मला घाम आला होता. मी म्हटलं, "नियमात अपवाद लिहिलेला नव्हता."

त्यांनी भिंतीवरचा कागद पाहिला. पुन्हा वाचला. "न्हाई लिहिलेला," त्या म्हणाल्या. "लिहायला पायजे होता."

मी म्हटलं, सिस्टर, इसाराचे चारशे पन्नास मी भरीन, दरमहा पन्नासप्रमाणे, नऊ महिन्यांत. मागे बायको उभी होती. तिनं मान डोलावली, पण डोळ्यांत पाणी होतं. सिस्टर म्हणाल्या, "गप बसा. पैशाचं नंतर. नऊ वर्षं सांभाळलं मी त्याला." आणि मग एकदम, "तुकडे कुठं टाकले?"

"टाकले नाहीत. नियम सात."

मी घमेलं उचललं. सात फडकी सोडली. त्यांनी एक तुकडा उजेडात धरला, मग दुसरा. चष्मा पुसला. सगळे सात बघून झाले तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या आणि चेहरा असा झाला होता की रडतात की हसतात कळेना.

"प्रत्येकाला पेर ठिवलंय तुम्ही."

"निरोगी पेराच्या खाली, असं लिहिलंय."

"आन फडकी वली हायत."

"दिवसातून दोनदा. नोंद आहे."

"अवो वैनी," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "दुसरा कोणी असता तर पान तोडून उकिरड्यात टाकलं असतं, आन झाड मेलं असतं. तुमच्या नवऱ्यानं मूर्खपणासुद्धा इतका बैजवार केला की पेशंट जित्ता हाय! जा, चहा टाका. साखर जास्त टाका. ह्यांना चक्कर यायली."

पेर कशासाठी ठेवायचं, ते मला तेव्हा कळलं. मूळ फुटतं ते पेरातून. सात पेरं म्हणजे, नशिबानं साथ दिली तर, सात वेल. पण मूळ धरायला सावली हवी, ऊब हवी आणि सतत ओलसर हवा हवी, आणि त्या कोरड्या जूनमध्ये अशी हवा घरात एकाच ठिकाणी होती. आमचं न्हाणीघर. सिस्टरनी त्याच दिवशी ते ताब्यात घेतलं. सात बाटल्या फळीवर, खाली ओल्या विटा, दाराला ओलं पोतं. बाहेर पाटी, "अतिदक्षता. आत येऊ नये." आम्ही अंगणात साडीचा आडोसा करून आंघोळ करू लागलो. म्हणजे मी पहाटे पाचला दोन तांब्यांत उरके. बायकोला मात्र गल्ली जागी व्हायच्या आत उठावं लागे, पाणी बाहेर वाहावं लागे, आणि आंघोळ झाली की घमेल्यात साठलेलं पाणी उचलून पुन्हा हौदात ओतावं लागे. एकदा वाऱ्यानं साडी उडून शेजाऱ्यांच्या लिंबावर गेली. ती आतून ओरडत होती आणि सिस्टर बाहेर पाठ करून उभ्या राहून अख्ख्या गल्लीला ओरडत होत्या, "कोणी बघू नका! पेशंटपायी चाललंय सगळं!" त्यामुळे जे बघत नव्हते तेही बघायला आले. बायको हसून हसून खाली बसली. तो उन्हाळा आठवला की मला आधी तिचं ते हसणं ऐकू येतं.

बाराव्या दिवशी अर्ध्या पांढऱ्या पानांपैकी दोन सडली. तांबडी रेघ दोनदा. सिस्टर त्या दुपारी जेवल्या नाहीत, आणि मलाही घास जाईना. एकविसाव्या दिवशी पहाटे त्यांनी आमचं दार वाजवलं. मी घाबरून उठलो. "ट्रेझरी, बॅटरी आणा!" न्हाणीघरात आम्ही तिघं बाटलीला नाक लावून उभे राहिलो. पेराच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं टोक दिसत होतं. "मुलगी झाली," सिस्टर म्हणाल्या, आणि नांदेडहून आणलेल्या पेढ्यांतला शेवटचा, दगडासारखा झालेला पेढा तिघांत फोडला.

पुढे दोन वर्षांनी त्या नांदेडला विष्णुपुरीकडे भाचीजवळ राहायला गेल्या, तेव्हा दोन टेंपो भरून झाडं गेली. प्रत्येक कुंडीला पुढच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी होती. त्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी न बसता मागे कुंड्यांत बसून गेल्या, मांडीवर सलाईनची बाटली उंच धरून. औशाच्या रस्त्यावरचे लोक कोण आजारी आहे म्हणून विचारत होते. पण ते नंतरचं.

जुलैच्या मध्यावर, ठरल्या दिवशी, डॉक्टर आले. पाऊस अजून नावालाच होता. डॉक्टर साठीचे, अंगानं भरलेले, बोलणं हैदराबादी. गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "सिस्टरम्मा, किधर है मेरा बच्चा?"

सिस्टरनी त्यांना बसवलंसुद्धा नाही. "डॉक्टरसाहेब, तुमचा पेशंट आम्ही कापला. हात ह्यांचे, जबाबदारी माझी. दोन हिरवी पानं आन एक खुंट राहिलाय. तुमचा इसार पाण्यात गेलाय, खरोखरच पाण्यात. बाकी काय हाय ते आत बघा, मग बोला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते न्हाणीघराशी आले, पोतं बाजूला केलं आणि तिथेच थबकले. फळीवर पाच बाटल्या. प्रत्येकीत एक पान, कडेला करपलेलं, आणि काचेतून खाली सुटलेली पांढरी मुळं. त्यांनी खिशातून डोळे तपासायचं भिंग काढलं आणि एकेका बाटलीसमोर उकिडवे बसले.

"ये पाँच कैसे हुए, अम्मा?"

"ऑपरेशन झालं."

"कोन करे?"

सिस्टरनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ट्रेझरीचे सर्जन."

डॉक्टरांना पाचही बाटल्या हव्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, पाच पेशंट एका घरात देणार नाही; एका घराला काही झालं तर पाचही जातील. तीन न्या, दोन राहू द्या. अर्धं पांढरं एक, शिंतोड्याची दोन. मग किमतीचा प्रश्न आला, आणि मी, मला कुणी विचारलेलं नसताना, बोललो. "पानाच्या दरानं चारशे होतात. चारशे पन्नास आले आहेत. म्हणजे सिस्टरकडूनच पन्नास परत निघतात."

बायकोनं मला मागून असा चिमटा काढला की खूण चार दिवस राहिली. पण सिस्टर म्हणाल्या, "बराबर हाय," आणि पत्र्याची पेटी उघडून पन्नास मोजायला लागल्या. एवढेच उरले होते. मामूच्या शेवटच्या आठवड्याचे तीस द्यायचे बाकी होते, तेही त्यातलेच.

"नक्को, नक्को," डॉक्टर म्हणाले. "पत्तों का हिसाब नक्को. पत्ता आज है, कल गिर जाता. जडाँ गिनो."

"मुळांचा दर न्हाई माझ्याकडं."

"मेरे पास है."

आणि ते भिंग लावून मुळं मोजू लागले. सिस्टर शेजारी बसल्या. बारीक फाटा मूळ धरायचा की नाही, यावर दोघांत वाद झाला. सिस्टर कमी मोजत होत्या, डॉक्टर जास्त. घेणारा किंमत चढवतो आहे आणि देणारी उतरवते आहे, असा व्यवहार मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. पहिल्या बाटलीत नऊ, दुसरीत सात, तिसरीत पाच. एकवीस मुळं. डॉक्टरांचे ओठ हलले, आणि ते म्हणाले, "एक जड का पचास रुपये. पूरे हिंदुस्तान में यही रेट है."

असा काही रेट नव्हता. एक हजार पन्नासला एकवीसनं भागलं की पन्नास येतात, आणि त्यांनी ते तिथे बसल्या बसल्या भागलं होतं. हे माझ्या तत्काळ लक्षात आलं. सिस्टरनी माझ्याकडे पाहून विचारलं, "किती झाले, ट्रेझरी?"

"एक हजार पन्नास," मी म्हटलं. "इसार वजा जाता बाकी सहाशे." आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एका आकड्याबद्दल जे माहीत होतं ते मी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी सहाशे मोजले. तिन्ही बाटल्या त्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर, ओल्या पोत्यात बसल्या. सिस्टर पंधरा मिनिटं खिडकीतून सूचना देत राहिल्या. या वेळी त्या पाठ करून उभ्या नव्हत्या. गाडी औशाच्या नाक्यावर दिसेनाशी होईतो हात हलवत होत्या.

मग पेटी घेऊन ओट्यावर बसल्या. मामू बॅरल घेऊन आला होता, त्याला बाकीचे तीस दिले. नंतर मला म्हणाल्या, "लिहा. तुमचं भाडं दीडशे. दोन खोल्या आन न्हाणीघर, तीन भाग. न्हाणीघराचे महिन्याला पन्नास. माझे पेशंट तितं किती दिवस राहिले?"

"बेचाळीस."

"मग जागा तुमची आन वापरली मी. भाडं माझ्याकडं लागतं."

मी नको नको म्हणालो. कापलं मी होतं, भाडं कसलं? त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुमाला द्यायले का मी? बेचाळीस दिवस बाहेर आंघोळ कोणी केली? पाणी कोणी वाहिलं? इकडं या वैनी."

घरमालकिणीकडून भाडेकरणीला, न्हाणीघराच्या वापरापोटी, बेचाळीस दिवसांचं भाडं, रोख रुपये सत्तर. पावती मी लिहिली, सही माझ्या बायकोनं केली.